माय फादर कम

रबाळे नाक्याला झेरॉक्सच्या दुकानावर
लोखंडी जिना चढून या. चपला बाहेर.
सात ते साडेआठ. मार्कर सुकत आलेला,
खालून लॅमिनेशनचा गरम वास.
समोर अकरा जण. दिवसभर कुठे कुठे राबून
आता बाकावर पाय अवघडून बसलेले.

कर्ता एकटा असला की क्रियापदाला एस, मी सांगते.
अनेक झाले की काढून घ्यायचा.
"उलटंच आहे हे," टँकर चालवणारा हुसेन म्हणतो.
"डॉग्जला दिला तर बार्कला नाही,
डॉगला नाही तर बार्क्सला.
दोघांत मिळून एकच एस आहे काय?"
मी काही म्हणायच्या आत
मागून शेवंता सोनकांबळे:
"आमच्या कुलुपासारखं हाय ते.
ह्यांची पहिली पाळी, माझी दुसरी, किल्ली एक.
ह्यांच्या खिशात असली की माझ्या पर्समध्ये नाही."
सहा वर्षं शिकवतेय.
एवढं सोपं मला कधी जमलं नाही.
"पण मी एकटी असून आय गो कसं?" तिनंच पुढे विचारलं.
"मला का नाही एस?"
मी फळा पुसला.

यामिनी मढवी, राहणार गोठिवली गाव,
ऐरोलीच्या एका हॉस्पिटलात रिसेप्शनला अर्ज केलेली.
वहीत तिची दहा वाक्यं, माय फॅमिली.
माय मदर वेक्स अप ॲट फोर. बरोबर.
माय मदर सेल्स फिश. बरोबर.
माय फादर कम होम ॲट नाइन.
माय फादर लाइक टी.
माय फादर रीड पेपर.
वडील आले की एस गायब.
मी तीन लाल गोल केले.

वही छातीशी धरून ती उभी राहिली.
"वडील आला असं कसं लिहू, टीचर?
आई आली, पण वडील आले. मराठीत असंच ना?
मान म्हणून काढला मी एस."

कुणी हसलं नाही.
खाली झेरॉक्सचं मशीन एक कागद ओढून थांबलं.
चार वाजता उठणारी, बर्फात हात घालणारी
आयुष्यभर एकवचनी,
आणि मला ते आजवर खुपलंही नव्हतं.
माझ्याही घरी आई यायची, आई जायची.
यायच्या फक्त सासूबाई.

"घरी काय म्हणता?" मी विचारलं.
"घरी बापूस आयला म्हणतो.
शाळेत बाईंनी हातावर पट्टी मारली,
वडील आले म्हण म्हणाल्या.
ते शिकले. आता तुम्ही परत त्यांना एक करता.
मंग खरा कंचा?"

इंग्रजीला मान कळत नाही, मी म्हटलं,
साहेब असो की वॉचमन, एकटा असला की एस.
"आईला पण तोच?"
तोच.
"मग चालेल," म्हणाली आणि बसली.

पुढच्या गुरुवारी वही परत आली.
नाइनचं वाक्य तिनं आडवी रेघ मारून खोडलं होतं.
"ते जुनं आहे, टीचर. कंपनी बंद झाली,
दोन वर्षं होतील गणपतीत.
वर्क्ड लिहू?"
लिही.
"वर्क्डला एस?"
नाही. होऊन गेलेल्या कामात एक काय, दहा काय,
सगळे सारखेच.
"हे बरं आहे," हुसेन म्हणाला, "हे पाठ होईल."

तिनं तिथल्या तिथे आणखी एक वाक्य लिहिलं,
न विचारता:
माय फादर सिट्स ॲट होम.
एस जरा मोठाच पडला होता,
शेपूट खालच्या ओळीत, मदरच्या एमला टेकलेलं.

मी बरोबरची खूण केली.
पेन लालच होतं, दुसरं आणलं नव्हतं.