गेज लेंग्थ

कलाभवनच्या मागच्या लॅबमध्ये जेसंगभाई
यंत्राला कान लावून उभे राहायचे.
"हवे बोलशे," म्हणायचे,
आणि दोन-तीन श्वासांत सळई बोलायची. तुटायची.
मी नवी लेक्चरर, चोवीस वर्षांची,
मला बोलणारं लोखंड नको होतं.
आकडे हवे होते.

संगणक अहमदाबादला.
बुटांच्या खोक्यात पंच केलेली कार्डं भरून
रात्रीच्या एसटीने पाठवायची,
आठवड्याने कागदाचा गठ्ठा परत:
सतराव्या ओळीत स्वल्पविराम नाही.
एकदा डेपोवर खोकं सांडलं.
शेंगा विकणारा एक पोरगा आणि मी
गुडघ्यांवर बसून गोळा करत होतो
चौसष्ट अणूंचा तांब्याचा स्फटिक.
एक कार्ड सापडलं नाही.
त्या आठवड्यात माझं तांबं
खोलीतल्या उन्हाळ्यानेच वितळलं.

आई विचारायची, "तू नक्की बनवतेस काय?"
दांडिया बाजारातल्या भिशीत तिला सांगायला काही हवं असायचं,
कुणाचा मुलगा रिफायनरीत, कुणाची सून बँकेत.
मी म्हणायचे, तडे.
"अगोबाई, पाडतेस?"
नाही गं. जाण्याआधी बघते, कुठून जाणार ते.
"मग थांबवत का नाहीस?"
या एका प्रश्नावर मी पुढे अकरा पेपर लिहिले.
तिला एकही वाचून दाखवला नाही.

आमच्या शास्त्रात एक सोय आहे.
डबा इवलासा, अणू मोजके,
म्हणून कडाच ठेवायच्या नाहीत.
उजव्या भिंतीतून बाहेर पडलेला अणू
त्याच क्षणी डाव्या भिंतीतून आत.
कोणी हरवत नाही, हजेरी कायम पूर्ण.
हे मी फळ्यावर काढून दाखवत होते त्या वर्षांत
गल्लीतले फणसे एडिसनला गेले,
वरच्या मजल्यावरचे सुळे पुण्याला, मुलाकडे, "थोडे दिवस",
आणि माझा भाऊ,
ज्याच्याशी भांडण गुजरातीत व्हायचं, समेट मराठीत,
तो मेलबर्नला.
डाव्या भिंतीकडे मी बरीच वर्षं बघत होते.

मग हजार अणू. लाख. कोटी.
मेहरीनने विचारलं, "कर्णिकबेन, कोटी म्हणजे डोळ्यांना केवढं?"
म्हटलं, मिठाच्या कणावर ठेवलं
तर कणालाही कळणार नाही.
आणि वेळ?
छत्तीस वर्षं मी जेवढा काळ चालवला, पायरी पायरीने,
दिवे गेले, जनरेटर आला, रात्र रात्र मशीन तापलं,
तो सगळा सलग जोडला
तर एक पापणी लवायला पुरत नाही.
ती हसली. मीही हसले, पण जरा उशिरा.

आज कपाट रिकामं करताना
काडेपेटीत सळईचे दोन तुकडे निघाले,
त्यावर जेसंगभाईंनी टोचलेल्या दोन खुणा.
मॉडेलमध्ये तुटलं की विषय संपतो, फाईल बंद होते.
त्यांच्याकडे तुटल्यावर अजून एक काम उरायचं:
तुकडे परत जुळवायचे
आणि एका खुणेपासून दुसरीपर्यंत मोजायचं.
किती सहन केलं ते तेव्हाच कळतं, म्हणायचे,
ओढ सुटली तरी लांबलेलं मागे जात नाही.

मेहरीनला म्हटलं, धर.
दाबू नकोस, नुसतं टेकव.
मध्ये केसाएवढी फट राहिलीच.
सुरुवातीला पन्नास मिलिमीटर असतात, नेहमी.
एकसष्ट भरले, गंजासकट.

तिने सवयीने वही उघडली,
आकडा लिहिला,
आणि पेन तसंच धरून विचारलं,
"तारीख कुठली घालू?"