निवळत घातलेलं पाणी

मालवणात, एस्टी स्टँडच्या खालच्या अंगाला,
जिथं पूर्वी फुटक्या होड्या आणून टाकत,
तिथं आता माझं शेत आहे.
पीक गटाराचं.

असं आपलं मीच म्हणतो.
नगरपालिकेच्या हजेरीबुकात मी बाबल धुरी, माळी.
पण माळ्याकडे फुलं लागतात.
माझ्याकडे पाणकणीस, लव्हाळा, थोडं वेखंड,
कडेला कर्दळ, ती तेवढी लोकांना आवडते.

पाऊस लागला की गाव धुऊन माझ्याकडे येतं.
स्टँडवरचं डिझेल, रंगीत तवंग घेऊन,
मासळीबाजारातली खवलं, गॅरेजची काळी माती,
सलूनमधले केस,
कुणाची तरी चप्पल, नेहमी एकच.
समोर खाडी दिसते ना,
उताराच्या पाण्याला दम कुठला.

केळुस्कर ओव्हरसियर पहिल्या दिवशी एवढंच बोलले:
"बाबल, पाणी धुवायचं नाही.
त्याची घाई काढून घ्यायची."

म्हणून आधी खोल डबकं. वाळू, चिखल
आपापल्या वजनानं खाली बसतात.
मग बांध, मग जांभ्याची खडी, मग बेट, पुन्हा बांध.
साठ पावलांची वाट, पाणी दोन दिवस चालतं,
दशावतारातला राजा प्रवेश करतो तसं:
एक पाऊल, मग बराच वेळ तिथंच.

पाणकणसाची काडी आतून पोकळ,
वरची हवा मुळाशी नेते.
आणि मुळांना धरून असलेलं ते बुळबुळीत,
जे पहिल्या वर्षी मी घाण समजून खरवडलं
आणि शिव्या खाल्ल्या,
तेच तेल खातं, साबण खातं.
डोळ्यांना न दिसणारे जीव.
त्यांची हजेरी कोण मांडणार.

शेवंती कुबल ओहोटीला इथूनच जाते, टोपली कमरेवर.
तीन वर्षं तिचं एकच पालुपद:
"गटाराचा पाणी ता गटाराचाच रे.
तुळशीक घालतलंस काय?"
माझ्याकडे तपासणीचे कागद होते, सही-शिक्क्याचे.
तिला काय दाखवणार,
ती तळपायांनी चिखल वाचते.

यंदा श्रावणातल्या उघडिपीत बांधावर टेकली.
शेवटच्या पाइपाखाली ओंजळ धरली. हुंगली.
मग म्हणाली,
"तिसऱ्यो आणल्यो काय रातभर पाण्यात ठेवतंव मां,
रेव टाकूक? तसाच ह्यां.
तू अख्खो गाव निवळत घातलंस."

सांगायचं तर हेही सांगतो:
आषाढात चार दिवस धरून लागला
की बाजूच्या सांडव्यावरून पाणी उडी घेतं,
आणि गाव जसंच्या तसं खाडीत जातं,
चपलेसकट.
मी छत्री घेऊन नुसता उभा असतो.

मार्गशीर्षात पाणकणीस कापावं लागतं.
नाही कापलं तर कुजतं,
खाल्लेलं सगळं पाण्याला परत करतं.
दोन भारे शेवंती घेऊन गेली, खोपीच्या कुडाला.
पैसे मी मागितले नाहीत, तिनं विचारले नाहीत.
जाताना बांधावर वाटीभर तिसऱ्या ठेवल्या.

मी त्या रात्रभर पाण्यात ठेवल्या.
सकाळी वाटीच्या तळाशी
चिमूटभर रेव.