मीठ

टोंगयंगच्या धक्क्यामागे, पत्र्याच्या शेडमध्ये
पहाटे चारपासून कालवं फुटतात.
सुरी बिजागरीत घालायची, मनगट वळवायचं,
मांस बादलीत, शिंपला मागे.
अठ्ठावीस बाया, सगळ्यांचे हातमोजे लाल,
आणि बोलायचं नाही, कारण मुकादम गू
वजन करताना काट्याकडे कमी,
तोंडांकडे जास्त बघतो.

बोलायचं रात्री. फोनवर,
पांघरुणात, नवऱ्याकडे पाठ करून.
तिथे कुणी निळी बादली, कुणी उशिराची बस,
कुणी नुसतंच मीठ.
कोण कोण आहे ते हुडकायचं नाही, असा नियम
कुणी केला नव्हता. पाळत सगळ्या होत्या.
चिरलेल्या बोटाला काय लावावं,
सुरीला धार कुठे स्वस्त,
आणि एका रात्री मीठ म्हणालं:
काटा किलोमागे चाळीस ग्रॅम खातो.
दुसऱ्या दिवशी शेडमध्ये
अठ्ठावीस जणींचे डोळे सुजलेले.

पण तिथेच एक उकडलेला खेकडाही होता.
त्याने यो-रिमबद्दल जे लिहिलं
ते मी इथे लिहिणार नाही.
पोर एकोणीस वर्षांची. तिने सुरी धुतली,
एप्रनची घडी घातली, आणि परत आली नाही.
म्हणून नवा नियम आला तेव्हा,
आधी ओळख पटवा, मग बोला,
मल-सुनने मान डोलावली.
खेकड्याला नाव असावं. पत्ता असावा.
आई असेल तर तिलाही कळावं.

मग तिची पाळी आली.
कार्ड गालाशी धरा. डावीकडे वळा.
पापण्या मिटा. उघडा.
आता अंगठा.
अंगठा पुन्हा.
अंगठा नीट ठेवा.
एकतीस हंगाम शिंपल्यांनी तासलेला अंगठा,
काचेवर नुसता ओला डाग.

कचेरीतला पोरगा चांगला होता.
म्हणाला, आजी, आठवडाभर क्रीम लावा,
रेषा वर येतात. नाव?
मल-सुन.
चार मुलींच्या पाठीवरची पाचवी.
मल म्हणजे शेवट. म्हणजे बस झालं.
बापाने नाव ठेवलं नाही, नावं ठेवली.
सहावीही मुलगीच झाली,
नाव मात्र हिच्याच अंगावर राहिलं.
शाळेत, दवाखान्यात, लग्नाच्या दाखल्यावर
कुणी हाक मारली की नकोशी ओ देते.
एकदाच, सत्तावन्नाव्या वर्षी, रात्री दीड वाजता
तिने स्वतःचं नाव स्वतः ठेवलं.
दोनच अक्षरं. ज्याच्यावाचून
कुणाच्याच घरी शिजत नाही असं.

ते नाव लावता येईल का, तिने विचारलं.
पोरगा म्हणाला, नाव बदलायचा अर्ज वेगळा.
त्यासाठी आधी ओळख पटावी लागते.

आता रात्री सगळ्या पूर्ण नावानिशी येतात,
नावापुढे हिरवी खूण.
हवा छान आहे म्हणतात. जेवलात का विचारतात.
मुकादम गूही आला, त्याने सगळ्यांना नमस्कार केला.
खेकडा आला नाही. की आलाय,
आपल्या खऱ्या नावाने,
आणि हवेबद्दल बोलतोय?
बुधवारी पांग ओक-ही नावाच्या बाईने,
जन्मसाल एकोणीसशे बासष्ट,
सगळ्यांदेखत विचारलं: मीठ कुठे गेलं?
त्याखाली बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही.

गुरुवारी क्रीमचा अंगठा काचेने घेतला.
पडद्यावर मल-सुन, शेजारी हिरवी खूण,
खाली रिकामी चौकट.
ती 'चाळीस' लिहिते.
नवरा कूस बदलतो.
पुढचा शब्द फक्त ग्रॅम आहे.