मंजुळाचा ळ

शनिवारची सकाळची शाळा. लाइट आहे,
म्हणून आधी कॉम्प्युटर, शुद्धलेखन मग.
वाशिमहून आलेला एक कीबोर्ड, चौदा पोरं.
बाकीच्यांना बिस्किटाच्या खोक्यावर
स्केचपेननं बटनं आखून दिलीत;
ती पुठ्ठाच बडवतात
आणि टकटक तोंडानं करतात.

मंजुळा तायडे, तिसरी.
वहीत तिचा ळ देखणा,
दोन वेटोळी, पेन्सिल न उचलता,
जीभ ओठाबाहेर.
दोन वर्षं फळ्यावरचा बघून गिरवलेला.

आज समोर फळा नाही.
“नाव लिही तुझं.”
तिनं ते आधी पुटपुटून पाहिलं,
मग तर्जनी हिंडली, अंड्याला जागा शोधणाऱ्या कोंबडीसारखी,
आणि बसली य वर.

मंजुया.

“बरोबर हाय नं, मॅडम?
माय असंच म्हनते.”

खाली लाल नागमोडी रेघ.
शिफ्ट दाखवायला मी वाकले,
डाव्या हातानं हे धर, उजव्यानं ल,
पण बोलले नाही लगेच.
डी.एड.च्या होस्टेलात पहिल्याच आठवड्यात
मीही ‘शाया’ म्हणणं सोडलं होतं.
कोण हसलं होतं, तेवढं आठवत नाही.

तेवढ्यात लाइट गेली.
नाव सेव्ह झालं नव्हतं.

तिनं वही काढली. लिहिलं : मंजु
आणि पेन्सिल तशीच धरून
माझ्या तोंडाकडे बघत राहिली.