तांब्यात पडणारी कॉफी

सगुणने बोटीवरून आणलेलं यंत्र तसं चिमुकलंच,
पायलीच्या मापाएवढं, काळं, ठेंगणं.
पण ते एकशेदहा व्होल्टवर चालतं,
म्हणून कैतानने जोडून दिलेला ट्रान्सफॉर्मर
पाट्या-वरवंट्याहून जड.
यंत्र ओट्यावर,
ट्रान्सफॉर्मर खाली, सोललेल्या नारळांशेजारी;
सकाळी तो गुणगुणू लागला
की मांजर त्याच्यावर ऊब घ्यायला बसते.

काचेचं भांडं पहिल्याच शिमग्यात फुटलं.
(त्यावर चार कपांच्या खुणा होत्या.
ते चार म्हणजे आपले दोन, तेही बशीत न सांडता.)
वेंगुर्ल्याच्या बाजारात सुरंगीचे वळेसर मिळतात, ओले काजूगर मिळतात,
तसलं भांडं कोण ठेवणार?
मग फडताळातला स्टीलचा तांब्या खाली सरकवून पाहिला.
बसला नेमका.

कागद संपले तेव्हा जुन्या पंच्याची पिशवी शिवली,
करंजीएवढी.
रोज धुऊन दांडीवर घालते.
शेजारची प्रभावती विचारते,
‘ह्यां कोणाचां टोपरां गे?’
मी सांगते, कॉफीचं.
ती अजून हसते त्यावर,
मीही, बहुतेक वेळा.

खाऱ्या हवेने पुडीचे गोळे होतात,
विहिरीच्या पाण्याने यंत्राच्या नळीत चुना धरतो.
महिन्यातून एकदा बिंबलांचा रस ओतून बटण दाबते.
यंत्र खोकतं, आंबट वाफ सोडतं,
मग दोनदा साधं पाणी,
मग आठवडाभर शहाण्यासारखं वागतं.

तांब्या, म्हणून आत किती भरलं ते दिसत नाही.
ऐकावं लागतं.
पहिला थेंब टण्णकन.
मग कॉफीवर कॉफी पडल्याचा जाडसर, झोपाळू आवाज.
आणि गळ्याशी आलं की तो पुन्हा वर चढतो, बारीक होतो,
कळशी भरताना होतो तसा.
तेव्हा बंद करायचं.

सगुणला हे ऐकू येत नाही.
सव्वीस वर्षं इंजिनरूममध्ये ऑइलर होता.
जाडे आवाज शिल्लक आहेत: बंदरावरचा भोंगा,
परसात पडलेला फणस, माझं ओरडणं.
बारीक सगळे गेले.
कांकणं, डास, कुकरची शिटी.
कानातलं मशीन तो बाजारात जाताना लावतो,
घरी आला की काढून बशीत ठेवतो,
सुपारीच्या खांडांजवळ.
मला वाटायचं, कॉफी होईपर्यंत हा निवांत बसतो.

एकदा बांगडेवाली रस्त्यावर थांबली.
मी खुणेनेच सांगितलं, बघ जरा,
आणि टोपली घेऊन धावले.
भाव करताना आठवलं
की बघण्यासारखं तिथे काही नाहीच.
परत आले तर
सगुण ओट्याशी पाठमोरा,
तळहात तांब्याच्या पोटाला लावलेला,
डोळे मिटलेले.
गरम नाही का लागत, म्हटलं. ऐकलं नाही त्याने.
मग अचानक दुसऱ्या हाताने बटण बंद केलं.
तांब्या काठोकाठ. ओटा कोरडा.

‘आवाजाक कोण इचारता थंय,’ तो म्हणाला,
‘इंजिनाक हात लावचो.
बेअरिंग दुखता काय, ता हाताक कळता.’
एवढं बोलून तो बांगड्यांचे डोळे बघू लागला,
ताजे आहेत की नाहीत.

आता रोज तोच करतो.
मी मागीलदारी भांडी घासत असते,
दिवसाउजेडी दिवे गेलेले मला कळतही नाहीत.
आज तो आतून ओरडला,
‘लाइट गेली!’
मी आत आले. मांजर ट्रान्सफॉर्मरवरून उतरली होती.
तांब्या अर्धाच,
आणि सगुणचा हात अजून त्याच्यावर.

पहिली अर्धी फार कडक उतरते.
जायफळ उगाळलं, गूळ जरा जास्त घातला,
एकाच बशीतून प्यायलो, आधी तो, मग मी.
करंजीतली पूड तशीच ओली ठेवली आहे,
लाइट येईल तेव्हा बघू.