नाही चालत जी

हैद्राबादेत दोन वर्षं काढून परतले
तर पर्सच्या तळाशी त्रेचाळीस नाणी निघाली, दहा-दहाची.
पिवळी कड, मधे पांढरं बुबुळ.
तिकडं इडलीवाल्यापासून कंडक्टरपर्यंत
कुणी दुसऱ्यांदा बघितलंही नव्हतं त्यांच्याकडं.

अजनीच्या पुलाजवळ ऑटोवाला म्हणाला, "नोट नाही का, ताई?"
धंतोलीतल्या मेडिकलवाल्या पोरीनं
नाणं एका बोटानं माझ्याकडं सरकवलं,
पानातली मिरची बाजूला सारावी तसं.
रांगेतले काका म्हणाले,
"दहा किरणांचं खरं, पंधराचं खोटं,"
आणि चष्मा कपाळावर चढवून मोजू लागले.
अकरापाशी चुकले.
पुन्हा पहिल्यापासून.

गज्जूच्या ठेल्यावर तर्री-पोहे खाऊन झाले
तेव्हा मी हट्टालाच पेटले.
"काऊन नाही चालत?"
"माह्यं काही नाही जी. आलूवाला घेत नाही ना."

कॉटन मार्केटात हेमनदास
वहीतून मान वर न काढता बोलले,
"मला काय त्याचं! हमाल घेत नाहीत."
हमाल बिसराम उईके
पाठीवरची गोणी अजून पाठीवरच होती,
तशाच वाकल्या अंगानं म्हणाला,
"मी घेतो न बाई.
पन मंग नाश्ता कोठं करू?
थो गज्जू घेत नाही."

मी हसले.
तो हसला नाही, त्याला गोणी ठेवायची होती.

परतताना झिरो माईलचा खांब लागला.
चार घोडे, एक फोटो काढणारं कुटुंब.
साऱ्या देशाची अंतरं म्हणे इथून मोजायची.
गज्जूपासून गज्जूपर्यंतचं कुणी मोजायचं?
रिझर्व्ह बँक तिथून चालत जाण्यासारखी,
पण रविवार होता.

दिवाळीनंतर रेशीमबागेत झेरॉक्सचं दुकान टाकलं.
पान दोन रुपये.
काचेवर स्केचपेननं लिहिलं:
दहाचं नाणं चालेल. वीसचंही.
दोन दिवस कुणी वाचलं नाही.
तिसऱ्या दिवसापासून नागपूर आलं.

दुलीचंद किराणावाला बरणी घेऊन आला,
आधी हळदीची असावी, नाण्यांना वास होता.
एकजण पायमोज्यात भरून.
भिशीवाल्या वंजारीबाई कुकरच्या भांड्यात.
आधार कार्डाच्या झेरॉक्सा निघाल्या,
नको असलेल्या सातबाराच्या निघाल्या,
एकानं तर कोऱ्या कागदाची काढून नेली,
पाच पानं, एक नाणं.
खाली ड्रॉवर निघेना इतका जड झाला.
सुट्टे म्हणून परत द्यायला गेले
तर दुलीचंदच म्हणाला, "नाही चालत जी."
"अहो, हे तुमचंच आहे, हुंगून बघा!"
त्यानं हुंगलं. घेतलं नाही.
बँकेतला कॅशिअर म्हणाला, सोमवारी या.
सोमवारी म्हणाला, मोजायचं मशीन बंद आहे.

परवा एक पोट्टा आला, शाळेच्या गणवेशात,
प्रोजेक्टची पाच पानं,
आणि मूठ उघडून काउंटरवर ओतल्या
अठन्न्या.
काळपट, बारक्या, कुणाच्या तरी गुल्लकमधल्या.
माझं तोंड माझ्याआधी बोललं,
"नाही चालत."
त्यानं काचेवरची पाटी वाचली,
ओठ हलवत, सावकाश.
"काऊन नाही चालत, काकू?"

मला गज्जूचं उत्तर आठवलं, हेमनदासचं आठवलं,
दोन्ही अगदी जिभेवर होती.
मशीन तापून घरघरत होतं.
बिसरामनं ती गोणी शेवटी कुठं ठेवली
हे मी बघितलंच नव्हतं.

पानं काढली. अठन्न्या मोजल्या.
सतराच भरल्या.
"बाकीच्या उद्या," तो म्हणाला आणि पळाला.

वहीत लिहून ठेवलंय:
अंशुल मेश्राम, सहावी ब,
दीड रुपया येणे.