उचलता आली तर

फोनवर मी म्हटलं होतं, "गाडी बघायला येतो."
कोल्हापुरात बायकाही येतो-जातोच म्हणतात.
शोरूमचा पोरगा पुण्याचा, नवा.
त्यानं दारात माझ्या मागं कोण येतंय ते पाहिलं.
मागं कावळा नाका होता आणि एसटीचा धूर.

"साहेबांसाठी का?"
माझ्यासाठी.
"मग मॅडम, स्कूटर त्या बाजूला."

मला लांब गाडी हवी होती,
जिच्यावर माणूस पुढं वाकत नाही,
जेवण झाल्यावर कट्ट्यावर रेलतो
तसा रेलून, हात पसरून जातो.
एकोणीस वर्षं फौंड्रीच्या ऑफिसात मी
वाकून वजनं लिहिते:
किती टन आलं, किती ओतलं, किती भंगारात गेलं.
वजन आपल्याला कळतं, असा माझा समज.

मरून रंगाची सगळ्यात मोठी होती.
टाकीत माझं तोंड, किटलीत दिसतं तसं, रुंद.
बसले. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या.
चार फूट अकरा इंचाच्या बाईला
टाचा टेकतील अशी जागा जगात
फार ठिकाणी मिळत नाही.
पण पायदान इतकं पुढं
की ब्रेक शोधायला घसरत जावं लागलं,
आणि हँडल पुरं वळवलं
तर एक मूठ हातातनं सुटून लांब गेली.
"सवय होते," पोरगा म्हणाला.
सवय होते म्हणून मी आजवर पुष्कळ काही घेतलंय.

उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्रीनं
सीसी विचारले नाहीत, अ‍ॅव्हरेज विचारलं नाही.
हात पुसत म्हणाला, "आधी पाडा."
काय?
"पाडणारच हाय तुम्ही.
आज न्हाई तर रविवारी रंकाळ्याच्या वळणावर,
भेळ खाणाऱ्यांच्या म्होरं.
त्यापरास हितं पाडा. वाळू हाय."

शेजारच्या कारखान्याची टाकून दिलेली वाळू,
काळी, जळक्या गुळासारख्या वासाची.
तिच्यावर एका गिऱ्हाइकाची दोनशे चाळीस किलोची
त्यानं अलगद आडवी केली, म्हैस बसवावी तशी.
मी जोर लावला.
ती नाही हलली. मी हलले.

मग जुनी काढली. दोन मालक झालेले,
आरसा एकच, सायलेन्सरवर निळा डाग,
दीडशे किलो आणि वर पेट्रोल.
"तोंड नगो, पाठ लावा गाडीला.
एका हातानं हँडल, दुसऱ्यानं सीटखालचा दांडा.
आता उलटं चाला. बारकी पावलं."

मी समोर बघत होते: पत्र्याचं शेड,
लेथवरचा एक मुलगा काम थांबवून उभा,
दोरीवर कुणाची तरी बनियन.
मागं काय उठतंय ते दिसत नव्हतं.
मांड्यांना कळत होतं.
मग एकदम सगळा भार गेला,
आणि मी वळून बघते तर
ती आपल्या दोन चाकांवर, वाळू गाळत, उभी.

स्टँड लावायचा राहिला.
ती पलीकडच्या अंगाला पडली.

लेथवाला हसला. दस्तगीर हसला नाही.
"चहा सांगू?" म्हणाला.
आधी ही उचलतो, मी म्हटलं.

आता ती दारात असते, आरसे दोन.
सुट्टीच्या दिवशी शिरोलीत,
बंद कारखान्यांच्या रस्त्यावर मी इंग्रजी आठ काढते.
आठ येतात ते सातासारखे.
पन्हाळ्याचं विचारू नका.
पहिल्या वळणाच्या आधी जो चढ लागतो ना,
तिथवर जाऊन परत आलेय.

काल हेल्मेटचा पट्टा लावत
दारातनं आत ओरडले, "जातो गं आई."
"जातो न्हवं, येतो म्हणावं,"
आतनं आली, मोहरीच्या तडतडीबरोबर.

येतो, मी म्हटलं,
क्लच सोडला,
आणि गाडी बंद पडली.